खरवडलेला चेहरा

ब्लेडचं टोक निगेटिव्हवर टेकलं आणि ताई अडली... लाठीमारातही कॅमेरा खाली न ठेवणारी ताई!

मोर्चे, धरणे आंदोलनं, कोर्टाच्या पायऱ्या... बायकांच्या लढ्याची तीस वर्षं तिनं कॅमेऱ्यात टिपली होती. नियम एकच : बाईनं "माझा चेहरा नको" म्हटलं, की निगेटिव्हवरचा चेहरा ब्लेडनं खरवडून टाकायचा. शेकडो चेहरे तिनं असे झाकले. राहिला तो एकच, सख्ख्या धाकट्या बहिणीचा! नवऱ्यानं फोडलेली भुवई घेऊन मोर्चात आलेली धाकटी "छापू नकोस गं" म्हणून रडली होती, आणि या शहाणीनं तो फोटो दुसऱ्याच दिवशी पेपराला दिला. ताईचं नाव झालं. धाकटीला नवऱ्यानं घराबाहेर काढलं. तेव्हापासून दोघींत अबोला होता.

आता संग्रहालय म्हणत होतं, तो फोटो असेल तरच प्रदर्शन. ताईनं बहिणीला तीन पत्रं लिहिली, एकाचंही उत्तर नाही. आयुष्यभराचं काम माळ्यावर कुजू द्यायचं, की तिला पुन्हा चव्हाट्यावर मांडायचं? अपराधी अंतःकरण आक्रंदून उठलं. घरातली एकमेव प्रत तिनं आधीच फाडली होती. डोळे घट्ट मिटून तिनं ब्लेड ओढलं.

तेवढ्यात बेल वाजली. दारात धाकटी उभी होती.

"पत्राला काय उत्तर द्यायचं, म्हणून स्वतःच आले. लाव तो फोटो."

"अगं, पण तू... इतकी वर्षं..."

"राग होताच, अजूनही आहे! पण तो पेपर घेऊन किती बायका माझ्या दारी आल्या, ठाऊक आहे? 'तुम्ही मोर्चाला निघालात, आता आम्हीही निघतो' म्हणायच्या. तुला सांगायला जीभ रेटली नाही, एवढंच."

ताईनं मूठ उघडली. तळहातावर खरवडून निघालेली काळी भुकटी होती. "मी पुसून टाकलं गं तुला... आत्ताच!"

धाकटी खुर्चीत मटकन बसली. "जन्मात माझं ऐकलं नाहीस, आणि ऐकलंस ते नेमकं आज!" ती हसली, आणि हसता हसता हमसून रडू लागली.

बऱ्याच वेळानं तिनं खुर्ची खिडकीपाशी ओढली, पांढरे केस मागे सारले. भुवईवरचा व्रण उजेडात आला.

"घे. पण या वेळी विचारून."

"काढू?"

"काढ."

ताईनं कॅमेरा डोळ्याला लावला. सगळंच पुसट झालं होतं. "थांब गं जरा... दिसत नाहीये मला."

"मी कुठे चाललेय आता," धाकटी म्हणाली, आणि तशीच बसून राहिली.