न पचलेले दिवस

"आता होईल बघ," असं दिगंबर फेगडेनं सकाळपासून इतक्यांदा म्हटलं होतं, की कुमुदनं मान वर करणंही सोडलं होतं. टेबलावरच्या घरसंगणकाच्या पडद्यावर हिरवं वर्तुळ भरत जायचं, पाऊण भरायचं, मग आतून गोड आवाज यायचा, "नमस्कार. घर आठवतेय, जरा थांबा..." आणि खट्! पडदा काळा. जरा वेळानं पुन्हा तेच वर्तुळ, तोच नमस्कार, तेच मरण.

दुसऱ्या कुणाचा संगणक बिघडला असता तर चार दिवस खेळ नाही, गाणी नाहीत, एवढंच झालं असतं. इथं बायकोची वाचा अडकली होती.

दोन वर्षांपूर्वी कुमुदला अर्धांगाचा झटका आला. हातपाय परतले, बोलणं परतलं नाही. म्हणजे बोलायची ती भरपूर, पण शब्द चुकीच्या डब्यातून निघायचे. पाणी हवं असलं की 'दरवाजा' म्हणायची, 'हो'च्या जागी 'नाही' आणि कधी 'नाही'च्या जागी 'हो'. मान हलवण्यातही तोच घोळ. डॉक्टरांनी त्याला वाचाघात म्हटलं आणि हा घरसंगणक घ्यायला सांगितला. हे यंत्र तिला दिवसभर बघायचं, ऐकायचं, कुठल्या शब्दानंतर तिचा हात कुठं जातो ते टिपायचं आणि तिच्या बोलण्याचा अर्थ मोठ्यानं सांगायचं. "कुमुदताईंना पाणी हवंय." दिगंबर पाणी द्यायचा. संसार चालला. डोळे यंत्राकडे, हात बायकोकडे.

दोन दिवस यंत्र बंद होतं आणि कुमुद एकच सांगत होती, "मोसंबी नको. नको मोसंबी." त्यानं भुसावळच्या बाजारातून मोसंबी आणली, सोलली, बिया काढून फोड तिच्या ओठाला लावली. तिनं ती भिंतीवर फेकली आणि ढसाढसा रडली.

"मग हवं तरी काय तुला?" तो ओरडला. ओरडून झाल्यावर लाज वाटली, पण तोवर व्हायचं ते झालं होतं.

दुरुस्तीला आलेली जुलेखा तडवी दारातूनच बोलत आली. "काका, तुम्ही जन्मभर वायरमन, आणि एक डबडं चालू होईना? आमच्या यावलात हसतील तुम्हाला."

"हसू दे. आधी हिचं तोंड उघड."

"काकूंचं तोंड उघडंच आहे. बंद पडलंय ते याचं." तिनं यंत्राचं झाकण काढलं, आपली पडद्याची पाटी जोडली आणि वर्तुळ पाऊण भरताना आत काय चाललंय ते बघत बसली. बघता बघता तिची थट्टा आटली.

"काका, याला रात्री काय करता?"

"काय करणार? बंद करतो."

"पडद्यावरून?"

"भिंतीवरून. बटण खाली." त्यात त्याला अभिमानच होता. एका सोबत्याला चालू तारेनं त्याच्या डोळ्यांदेखत नेलं होतं. तेव्हापासून दिवेलागणीनंतर घरात नको ती एक तार जिवंत ठेवायची नाही, असा त्याचा नेम होता. फ्रिज सोडला तर प्रत्येक बटण तो स्वतः खाली करायचा.

जुलेखानं कपाळाला हात लावला. "गाय दिवसा चरते आणि बसल्यावर रवंथ करते ना, तसं आहे हे. दिवसा नुसतं गिळतं. पाहिलेलं, ऐकलेलं कच्चंच साठवतं. रात्री घर झोपलं की ते चघळून पचवतं, तेव्हा कुठं त्याला अर्थ लागतो. तुम्ही रोज रात्री गायीच्या तोंडातला घास काढून घेतलात. दुपारच्या वामकुक्षीत थोडंफार चघळलं असेल, त्यावर इतके दिवस निघाले. आता उठताना ते सगळे कच्चे दिवस एकदम आठवायला जातं, पोट फुटतं आणि मरतं."

"कुणी सांगितलं नाही मला."

"पुस्तिकेत आहे."

"पुस्तिका वाचून कुणी गाय पाळतं का?" तो तडकला. राग खोटा नव्हता. ज्यांनी हे यंत्र घडवलं ते थंडगार खोल्यांत बसणारे लोक. वीज वाचवायची म्हणून रात्री बटण बंद करणारं घर त्यांनी जन्मात पाहिलं नसणार. अर्ध्या मुलखाची सवय त्यांच्या हिशेबातच नव्हती. पण हे मनात म्हणतानाच त्याला कळत होतं, की वीज कुणाला किती वेळ लागते हे विचारणं तर त्याचंच काम होतं. जन्मभर दुसरं केलं काय त्यानं?

"आता?"

"दोन वाटा. कच्चे दिवस पुसले तर आत्ता चालू होईल. पण पहिल्या दिवसासारखं, काकूंना ओळखणारही नाही. नाहीतर मी एकेक तुकडा दाखवते, त्यात त्या काय म्हणाल्या ते तुम्ही सांगा. अर्थ आयता मिळाला तर याला फार चघळावं लागत नाही."

"लाव. मी आहे ना."

पहिला तुकडा. खिडकीपाशी कुमुद, दुपारचं ऊन. ती यंत्राला काहीतरी लांबलचक सांगत होती, बोटांनी हवेत शेव पाडावी तशी खूण करत होती, मध्येच खुदकन हसली. यंत्र म्हणालं, "पुन्हा सांगाल का?" तिनं पुन्हा सांगितलं, तितक्याच उत्साहानं.

"काय म्हणाल्या?"

दिगंबरनं ओठ चाटले. "दुसरा लाव."

दुसऱ्यात ती रागावलेली. तिसऱ्यात कुणाचं तरी नाव घेत होती, बहुतेक तिच्या मेलेल्या बहिणीचं. त्याला सांगता येईना. खोलीत तोच नव्हता. पारावर गप्पा मारत बसला असणार. बायकोशी बोलायला यंत्र होतं ना घरी!

मग एक संध्याकाळ आली. तीत तो होता, पाठमोरा, भिंतीवरच्या बटणांकडे निघालेला. मागून कुमुद खुर्चीतून हात वर करून म्हणाली, "मोसंबी नको!" अर्धवट पचलेल्या यंत्रानं सुचेल ते ठोकलं, "कुमुदताईंना पंखा हवाय." पाटीवरचा दिगंबर म्हणाला, "थंडीत पंखा? डोकं फिरलंय." तरी त्यानं पंखा लावला, ती कुडकुडली, त्यानं बंद केला. मग त्याचा हात मोठा होत होत यंत्राशेजारच्या बटणाकडे आला आणि चित्र तुटलं.

"पुढची संध्याकाळ," तो म्हणाला.

तीच. मोसंबी नको, पंखा हवाय, हात, काळोख. त्याच्या पुढची तीच. एकीत तर ती धडपडत उठून बटणासमोर आडवी उभी राहिली होती, आणि त्यानं तिला खांद्याला धरून, अगदी प्रेमानं, बाजूला केलं होतं.

यंत्र सकाळी सकाळी भांबावतं आणि संध्याकाळच्या त्या हातानंतरच भांबावतं, हे तिला केव्हाच उमगलं होतं. स्वतःची वाचा रोज मारली जाताना ती बघत होती आणि मारणाऱ्यालाच सांगत होती.

"बटण," दिगंबर म्हणाला. "मोसंबी म्हणजे बटण. बंद करू नको म्हणत होती."

जुलेखानं तेवढा अर्थ यंत्राला दिला. वर्तुळ केसभर पुढं सरकलं आणि थांबलं. "एक झालं, काका. असे ढीगभर आहेत. आणि माझ्या पोतडीत अर्थ नाहीत. पुसू का? काकूंची तरी सोय होईल."

खरं तर सोपं होतं. एक 'हो' म्हटलं की उद्यापासून पुन्हा "कुमुदताईंना पाणी हवंय". पण ज्या दुपारी ती खुदकन हसली होती, त्या दुपारी ती कशाला हसली हे जगात कुणालाच कधी कळणार नव्हतं.

"तिला विचारतो," तो म्हणाला.

"त्यांचं हो-नाही तर..."

"माहीत आहे."

तो कुमुदसमोर जमिनीवरच बसला. खिडकीतला तुकडा पुन्हा लावायला सांगितला. कुमुदनं स्वतःला पाटीवर पाहिलं, हात गालाला लावला आणि बोलायला लागली. उलटसुलट, भरभर, बोटांची तीच खूण करत. अर्थासाठी दिगंबरची मान सवयीनं यंत्राकडे वळली. पडदा काळा होता. मान परत आणायला त्याला वेळ लागला.

ती थांबली. त्याच्याकडे बघत राहिली. तिचे डोळे चिडले होते की हसत होते, तेही त्याला नीट वाचता येईना.

"काय म्हणाल्या?" जुलेखानं हळूच विचारलं. तिचं बोट पाटीवर थांबलेलं.

"नाही कळलं." त्यानं कुमुदचे दोन्ही हात धरले. "पुन्हा सांग. सावकाश सांग. मी कुठं जात नाही."

एवढं म्हणायला कुठली वीज लागणार होती?