चढती पट्टी

मी भोसरीतल्या एका वर्कशॉपमध्ये क्वालिटीला आहे. दिवसभर हातात मायक्रोमीटर आणि समोर गिअरच्या तुकड्यांचा ट्रे. मापात बसला तर हिरवं स्टिकर, नाही बसला तर लाल. हे आधी सांगते, कारण पुढचं सगळं मी मोजून सांगणार आहे. मी घाबरट नाही. राग मात्र माझ्या नाकावर असतो, आमच्या शॉपमधला कुठलाही फिटर सांगेल.

साडेतीनला शिफ्ट सुटली की बस पकडायची आणि पाचला आकुर्डीत संगीत नाटकाच्या वर्गाला हजर व्हायचं. दोन वर्षांची पदविका. विद्यालय म्हणजे स्टेशनमागच्या एका बंद कारखान्याचा वरचा मजला. खालच्या शेडमधून अजून कटिंग ऑइलचा वास येतो आणि लोकल गेली की खिडक्यांची तावदानं वाजतात. एका टोकाला लाकडी रंगमंच आणि त्याच्या उजव्या अंगाला ऑर्गन, पायाने भाता हाकायचा, जुना. एक नाटक कंपनी बंद पडली तेव्हा आबाजींनी तो आणला होता.

आबाजी आमचे गुरू. वय सत्तरच्या पुढे, पाठ ताठ, चहासुद्धा उभ्यानेच घेणार. गाणाऱ्या प्रत्येकाची आपली एक पट्टी असते. जिथे सा लावला की गळा मोकळा होतो, ती. बाहेर कुठेही साथीदार ती विचारून मगच वाजवायला घेतो. आबाजींच्या वर्गात विचारायची पद्धत नव्हती. सगळ्या मुलींना काळी चार, म्हणजे चौथी काळी पट्टी. कुणाला उंच वाटो की खाली.

"ऑर्गन तुमच्यापाशी येणार नाही," ते म्हणायचे. "तुम्ही त्याच्यापाशी जायचं."

यंदाच्या परीक्षेला नवीन नाटक होतं. नायिकेला सात पदं. परीक्षा बघायला एका फिरत्या नाटक कंपनीची माणसं येणार होती आणि नायिका पसंत पडली तर वर्षभराचा दौरा. मला तो दौरा हवा होता. लाल-हिरव्या स्टिकरांतून सुटायचं होतं. किती हवा होता हे आज सांगताना लाज वाटते, पण हवा होता.

नायिका होती वर्षाली. मारुंजीची, घरच्या जमिनीवर तीन इमारती, आयटीवाले भाडेकरू. गाडीतून यायची आणि माझ्या सेफ्टी शूजकडे बघून नाक मुरडायची. आवाज मात्र खरोखर भरदार होता, हे माझ्यासारखीनेही मान्य करावं असा. दिवाळीनंतर तो बारीक होत गेला. आधी गाण्यात, मग बोलण्यातही. जानेवारीत ती लहान पोरीसारखी बोलायला लागली. एका संध्याकाळी नांदीला तिने तोंड उघडलं आणि नुसता श्वास बाहेर आला.

साथीला बसणाऱ्या ज्योतीरामकाकांनी ऑर्गन थांबवला नाही. आबाजींनी वहीतून मान वर केली नाही.

"मिनल, तू पुढे ये."

मी गेले. तिच्याकडे कुणी पाणीसुद्धा नेलं नाही आणि मीही नेलं नाही. मला आनंद झाला होता.

वर्ग सुटल्यावर ती जिन्यात उभी होती. गळ्यातून शिट्टीसारखी कुजबुज निघत होती, कान जवळ न्यावा लागला.

"तुझा आवाज जाड आहे," ती म्हणाली. "तुला वेळ लागेल."

जळतेय, असं मनात म्हणत मी जिना उतरले. ती पुन्हा आली नाही.

दुसऱ्या आठवड्यात तिसऱ्या पदाच्या तानेत माझा गळा ताणला गेला. महिनाभरापूर्वी ही तान मी हसत घेत होते. तब्येतीला दोष द्यायची मला सवय नाही, आधी मोजायचं गेज तपासायचं. मोबाइलवर सूर मोजायचं ॲप घेतलं आणि ऑर्गनच्या काळी चारसमोर धरलं. शेजारशेजारच्या दोन पट्ट्यांमधल्या अंतराचे शंभर भाग धरतात. ऑर्गन बत्तीस भाग चढा होता. दुसऱ्या दिवशी छत्तीस. तिसऱ्या दिवशी चाळीस.

आता रोज चार. मशीनसुद्धा इतकं नेमाने बिघडत नाही.

मी ज्योतीरामकाकांना आकडे दाखवले. काका चिखलीचे, कंपनीतून रिटायर झालेले, घरची शेती कधीच इमारतींखाली गेलेली. त्यांनी मोबाइल हातात घेतला नाही.

"पेटी उतरती, पोरी. ऊन, धूळ, म्हातारपन. आपल्याआप चढत न्हाई कधी."

"मग चढली कशी?"

"चढवायची तर कानस लावावी लागती."

एवढं मलाही कळत होतं. ऑर्गनच्या आत प्रत्येक सुराचं एक रीड असतं. रीड म्हणजे पितळेची पातळ जीभ, एका बाजूने घट्ट बसवलेली. हवा लागली की थरथरते. टोकाकडे घासून हलकी केली की सूर चढतो, मुळाशी घासली की उतरतो. मी पाठीमागची फळी उघडायला लावली. काकांनी स्क्रू काढून दिले आणि दूर जाऊन बसले.

आत धूळ होती, कोळ्याची जाळी होती आणि रीडांच्या खाली पितळेचा ताजा कीस होता. एकेक रीड तारेच्या हुकाने ओढून टॉर्चखाली धरलं. बाकीचं पितळ काळवंडलेलं, टोकं मात्र लखलखीत. रेघा सरळ, सारख्या, एकीला एक लागून. असं काम करणारा माणूस मला आवडला असता.

मी कीस पुसून काढला, फळी लावली आणि कंपनीत करतो तसं केलं: प्रत्येक स्क्रूच्या डोक्यावरून लाकडापर्यंत पेंट मार्करची पिवळी रेघ ओढली. स्क्रू केसभर फिरला तरी रेघ तुटते.

दुसऱ्या दिवशी रेघा जिथल्या तिथे होत्या. ॲपवर चव्वेचाळीस. फळी उघडली, आत कीस.

मी सरळ आबाजींकडे गेले. आवाज चढला होता माझा, रागानेही आणि तसाही.

"आबाजी, कुणीतरी ऑर्गन घासतंय. वर्षालीचा गळा त्यानेच गेला. तुम्हाला हे माहीत आहे का?"

ते उभ्याने चहा पीत होते. त्यांनी कप रिकामा केला.

"वर्षाली अर्ध्या वाटेत दमली."

"ऑर्गन चढतोय. माझ्याकडे आकडे आहेत."

"चढणारच. खाली राहून काय करायचं आहे त्याला?" कप खाली ठेवून त्यांनी माझ्या गळ्याकडे बघितलं. शिंप्याने कापडाकडे बघावं तसं. "तुला सोडायचं असेल तर आजच सोड. तनुजा तयार आहे."

मागे बाकावर तनुजा बसली होती, माझ्याच पदांची वही मांडीवर घेऊन. सगळा वर्ग माझ्याकडे बघत होता आणि एकाच्याही डोळ्यांत माझ्याबद्दल काही बरं नव्हतं. मला त्या सगळ्यांचा संताप आला. नाही सोडत जा, असं मी मनात म्हटलं आणि जागेवर जाऊन उभी राहिले.

तेव्हाच सोडायला हवं होतं. आता हे म्हणणं सोपं आहे.

फेब्रुवारी संपता संपता ऑर्गन एक अख्खी पट्टी वर गेला. वर्गात कुणालाच ते जाणवत नव्हतं, कारण सगळेच वर जात होते. पोरं चहाच्या टपरीवर चिरक्या आवाजात हसायची. सकाळी उठले की माझ्या घशात पत्र्याची चव असायची. एका रविवारी आईला फोन लावला, लातूरला.

"कोन बोलायलंय?" आईने विचारलं.

"अगं, मी."

"मी म्हंजी कोन? मिनलला दे की फोन."

मी फोन ठेवला. नंतर मेसेज केला की रेंज नव्हती.

परीक्षा सोमवारी सकाळी होती. ज्या पट्टीला ऑर्गन पोचला होता तिथे सातवं पद मला झेपणार नव्हतं, हे मी घरी ॲप लावून दहा वेळा तपासलं होतं. तुकडा मापात नसेल तर दोनच गोष्टी करता येतात, फेकायचा किंवा दुरुस्त करायचा. मी शनिवारी टूलरूममधून बारीक कानस पिशवीत टाकली आणि रविवारी दुपारी काकांना विद्यालय उघडायला लावलं.

"काय करनार हायस?"

"मुळाशी घासणार. होता तिथे खाली आणणार."

काकांनी खिशातून किल्ली काढली, पण देईनात. "पोरी, वर्षालीनं निदान त्याला हात तरी लावला न्हवता."

"म्हणून तर गेला तिचा आवाज."

त्यांनी दार उघडलं आणि खाली शेडमध्ये जाऊन बसले. "म्या काय बघितलं न्हाई," असं जाताना म्हणाले.

मधल्या दोन सप्तकांची पंचवीस रीडं. स्वच्छ ऊन होतं, खिडक्या उघड्या होत्या, समोरच्या रस्त्यावरून रिक्षा जात होत्या. रीड काढायचं, मुळाशी घासायचं, बसवायचं, मोजायचं. पहिली काही नीट झाली. नंतर घाई झाली आणि हात जड पडायला लागला. साडेपाचला काळी चार काटेकोर शून्यावर आली. मी स्वतःच एका पायाने भाता हाकला आणि सा लावला. जुना, रुंद, माझा सा. मला रडू आलं.

परीक्षेला अकरा वाजता पडदा उघडला. पहिल्या रांगेत परीक्षक, त्यांच्या शेजारी कंपनीची दोन माणसं. काकांनी सूर धरला. विंगेतून आबाजींची मान एकदम वळली. ते ऑर्गनकडे बघत होते, मग माझ्याकडे. त्यांना कळलं होतं, आणि ते हसले.

पहिली दोन पदं मी अशी गायले की कंपनीचा माणूस पुढे सरकून बसला. दौरा मला तिथेच मिळाला होता, अजूनही मला तसंच वाटतं.

तिसऱ्या पदात घशाच्या आत काहीतरी खरवडलं.

मी गात राहिले.

पुन्हा खरवडलं, आधीच्या खाली. मग आणखी खाली. जड हाताने, घाईने.

आवाज दोन झाले. एक वर, पातळ. एक खाली, घोगरा. दोन्ही माझ्याच तोंडातून.

मग एकही नाही.

काकांनी ऑर्गन थांबवला नाही.

"तनुजा," विंगेतून आवाज आला, "तू पुढे ये."

ती माझ्या अंगाला घासून पुढे गेली आणि ओळ जिथे तुटली होती तिथून तिने उचलली. मी रुमाल तोंडावर धरला. त्यावर थोडं रक्त होतं. प्रेक्षकांतून कुणी उठलं नाही.

बुधवारी चिंचवडला घशाच्या डॉक्टरांकडे गेले. शांत, मध्यमवयीन बाई. त्यांनी नळीचा कॅमेरा आत सोडला आणि पडद्याकडे वाकल्या.

"गाता का तुम्ही?"

मी मान हलवली.

"जानेवारीत एक मुलगी आली होती. मारुंजीची. तिचं असंच होतं, पण एकाच टोकाला."

त्यांनी पडदा माझ्याकडे फिरवला. माझे स्वरतंतू: दोन पांढऱ्या पट्ट्या, ओल्या, मधे काळी फट. त्यांनी चित्र मोठं केलं. पुढच्या टोकाला बारीक रेघा होत्या, सरळ, सारख्या, एकीला एक लागून. पाठीमागे, मुळाशी, वेगळ्याच. खोल, ओबडधोबड, सगळ्या किंचित डावीकडे ओढलेल्या. कानस धरली की माझा अंगठा दाबला जातो आणि हात डावीकडे जातो. सात वर्षं फोरमन मला त्यावरून बोलतोय.

"पुढचं कशाने झालं, मला सांगता येत नाही," डॉक्टर म्हणाल्या. "पण हे मागचं वेगळ्या हाताचं आहे. हे कुणी केलं?"

मी तोंड उघडलं. मग त्यांच्या टेबलावरचा कागद पुढे ओढला आणि त्यावर माझं नाव लिहिलं.