मागच्या अ‍ॅक्सलवरचे चाळीस पौंड

ही गोष्ट कुठे वाचलेली नाही. व्हर्लिन स्टकीला मी वीस वर्षं ओळखतो, आणि त्याला थापा मारता येत नाहीत. विश्वास ठेवायचा की नाही, ते तुम्ही ठरवा.

गेल्या ऑक्टोबरातली गोष्ट. जागा, वायोमिंगमध्ये बिगहॉर्न डोंगराच्या पायथ्याचा एक ट्रकथांबा. दिवस कलला होता.

व्हर्लिन सकाळी नेब्रास्काहून निघाला होता. पिकअपच्या मागे फिफ्थ-व्हील कॅम्पर, म्हणजे गाडीने ओढायचं चाकांवरचं घर. या कॅम्परची मान पिकअपच्या हौद्यातल्या जोडणीवर, हिचवर, टेकते, आणि झोपायची खोली नेमकी त्या मानेवर असते. त्या खोलीत जे ठेवाल, त्याचं वजन थेट पिकअपच्या मागच्या चाकांवर, म्हणजे मागच्या अ‍ॅक्सलवर येतं.

त्या खोलीत आता काहीच नव्हतं.

त्याची बायको ऑर्फा जूनमध्ये गेली. उपचार चालू होते तोवर दोघं शहरातल्या हॉस्पिटलजवळ या कॅम्परमध्येच राहत होती. शेवटी शेवटी ती दिवसभर त्या खोलीत पडून असायची.

मुलगी मार्ला घाटापलीकडे राहते. कॅम्पर तिच्या अंगणात लावायचा आणि तिथेच राहायचं, असं ठरलं होतं. मार्लाने फोनवर एकच अट घातली होती.

"बाबा, गाडी जुनी, टायर जुने. वजन मर्यादेच्या आत असेल तरच घाट चढायचा. नाहीतर कॅम्पर तिथेच सोडून या. आई गेली, आता तुमचं काही झालेलं मला चालणार नाही."

म्हणून त्याने कॅम्पर रिकामा केला. जॅमच्या बरण्या, शिलाई मशीन, तिचे कपडे. टाकीतलं पाणी सोडून दिलं. शेवटी गादीही काढली. खाली नुसती फळी उरली.

सकाळी गावातल्या धान्याच्या कोठारावर, त्याच्या मित्राने, एल्डनने, गाडी वजनकाट्यावर घेतली. मागचा अ‍ॅक्सल मर्यादेपेक्षा शंभर पौंड कमी भरला.

"एवढं काढलंस, आता तूच तेवढा राहिलास," एल्डन म्हणाला. "तुलाही उतरवून घेऊ का इथेच?"

व्हर्लिन हसला नाही. त्याला खूप दिवसांत नीट झोप लागली नव्हती.

डोंगर चढण्याआधी पुन्हा वजन करायचं, ही ऑर्फाची सवय. त्याने ट्रकथांब्यावर डिझेल सकाळइतकं भरून घेतलं आणि गाडी काट्यावर घातली.

काउंटरवर डार्ला नावाची बाई होती. व्हर्लिनने सांगितलेल्या मर्यादेशी तिने स्क्रीनवरचा आकडा ताडून पाहिला.

"मागचा अ‍ॅक्सल चाळीस पौंड जास्त आहे."

व्हर्लिनने काटा तपासायला सांगितलं.

"आजोबा, सकाळपासून ट्रक मोजतेय. काटा बरोबर आहे. बायकोने गुपचूप काहीतरी भरलं असेल, बघा जाऊन. आमच्या घरी हेच चालतं."

त्याने वजनाची पावती खिशात घातली आणि तो बाहेर गेला.

कॅम्पर बाजूला लावला. कपाटं उघडली. रिकामी. पाण्याची टाकी ठोकून पाहिली. कोरडी. झोपायच्या खोलीत गेला. उघडी फळी, बाकी काही नाही.

तो खाली उतरला. दार लावलं.

आणि वर, त्या खोलीत...

फळी करकरली.

कुणीतरी कूस बदलावी, तशी.

व्हर्लिन तिथेच उभा राहिला. वारा नव्हता. शेजारी एकही गाडी सुरू नव्हती.

मग त्याने मनात हिशेब केला. सकाळी शंभर कमी, आता चाळीस जास्त. म्हणजे एकशे चाळीस पौंड.

हॉस्पिटलमध्ये शेवटी ऑर्फा नव्वदवर आली होती.

एकशे चाळीस तिचं बरी असतानाचं वजन.

तो पायरीवर बसला. घाबरायलासुद्धा अंगात जोर लागतो, तो नव्हता. कॅम्पर इथे सोडून एकट्याने घाट चढता आला असता. मार्लाने तेच सांगितलं होतं. पण आता कॅम्पर सोडणं म्हणजे काय, ते त्याला कळत होतं. आणि जास्तीचं वजन घेऊन त्या टायरांवर घाटात जाणंही त्याला जमणारं नव्हतं.

बऱ्याच वेळाने त्याने दार उघडलं आणि आत न जाताच म्हणाला,

"ऑर्फा, मागे नको. टायरांना झेपणार नाही. पुढे माझ्याजवळ येऊन बस."

आतून काहीच आवाज आला नाही.

त्याने गाडी पुन्हा काट्यावर घेतली.

"आता तीस कमी," डार्ला म्हणाली. "आणि पुढचा सत्तरने वाढलाय. जे काय होतं ते पुढच्या सीटवर आणून ठेवलंत ना, म्हणून निम्मं वजन पुढच्या चाकांवर गेलं? शहाणे आहात."

व्हर्लिन गाडीत बसला. शेजारची सीट रिकामी होती. त्याने हात लांब करून तिचा पट्टा लावला. नंतर त्या बाजूला पाहिलं नाही.

घाट तो खालच्या गिअरमध्ये चढला. बोलला नाही. त्या दोघांना तशीही प्रवासात बडबड लागत नसे.

माथ्यावर पोचला तेव्हा अजून थोडा उजेड होता. टायर तापलेत का, ते बघायला तो उतरला. प्रत्येक टायरला हात लावला. जरा पलीकडे झाडीत जाऊन आला. पुन्हा बसला, गाडी सुरू केली.

उताराला लागल्यावर त्याला काहीतरी...

कमी वाटलं.

काय, ते सांगता येईना. गाडी नीट चालत होती. ब्रेक लागत होते. शेजारच्या सीटचा पट्टा होता तसाच लावलेला होता.

खालच्या गावात आणखी एक वजनकाटा आहे. घाट संपला होता, वजन करायची काहीच गरज नव्हती. तरी त्याने केलं.

मागचा अ‍ॅक्सल शंभर पौंड कमी. पुढचा सत्तरने उतरलेला.

मार्ला अंगणात दिवा लावून वाट बघत होती. तिने त्याला मिठी मारली, आणि वजन बरोबर होतं ना, एवढंच विचारलं. तो हो म्हणाला.

ते खरंही होतं.

त्यानंतर दोनदा तो एकटाच माथ्यावर गेला, गाडीचं दार उघडून थांबला आणि परत आल्यावर काट्यावर गेला. आकड्यात फरक नाही. आता वर बर्फ आहे, घाट बंद आहे.

परवा फोनवर त्याने मला विचारलं, "मी टायर बघायला उतरलो, तेव्हा ती स्वतःहून उतरली असेल? की जरा पाय मोकळे करायला उतरली, आणि मी न बघताच गाडी सुरू केली?"

मी फोन कानाला तसाच धरून होतो. तोही फोन ठेवत नव्हता.