काचेच्या कपाटातले भोवरे

"सांडलंस. नावेवर पाय ठेवल्या ठेवल्या सांडलंस," वानछिंग म्हणाली.

"लाट आली, मी काय करू?" शाओबोने रिकामा वाडगा उलटा करून दाखवला. गार सरबतातले लाल जेलीचे तुकडे फळ्यांच्या फटीतून नावेच्या तळातल्या पहिल्या कप्प्यात केव्हाच उतरले होते. "माझी अर्धी सुट्टी त्या वाडग्यात होती."

"सुट्टी कसली, जेवण म्हण," मेलाती म्हणाली. ती आईबरोबर समुद्रापलीकडच्या मकासर बंदरातून आलेली पाहुणी. पण तिच्या घरी इथलीच, छ्वानचौची बोली चाले, त्यामुळे टोमणे मारायला तिला दुभाषा लागत नसे.

नाव बंदरात सरावाची फेरी मारत होती. उद्या समुद्र-मेळा. चार देशांतल्या बंदरांची मुलं याच नावेतून बेटापर्यंत जाऊन पाण्याचे नमुने घेणार होती. यापुढे समुद्र सगळ्यांनी मिळून राखायचा, त्याची ही सुरुवात. आणि नाव होती वानछिंगच्या आजोबांनी, छाय मिस्त्रींनी बांधलेली, त्यांची शेवटची. आजोबा वसंतात गेले. तेव्हापासून वानछिंगला ना रडू आलं होतं, ना जेवणाची चव लागली होती. पोरगी समजूतदार आहे, असं लोक म्हणत. समजूतदार वगैरे काही नाही. तिला नुसतं काहीच वाटत नव्हतं.

धक्क्याला लागल्यावर मुलं शेवटच्या कप्प्यातलं पाणी उपसायला बसली. शाओबोच्या डब्यात काहीतरी लाल चमकलं.

"माझी जेली! खाऊ का?"

वानछिंगने त्याचं मनगट धरलं. "ही इथे कशी आली?"

"पाण्याबरोबर."

"अरे, मधे इतक्या भिंती आहेत ना!"

आजोबांच्या नावेत या टोकापासून त्या टोकापर्यंत आडव्या भिंती होत्या. एक कप्पा फुटला तरी पाणी तिथेच अडावं म्हणून. प्रत्येक भिंतीच्या तळाशी मात्र एक भोक ठेवलेलं. नाव धक्क्याला असताना साचलेलं पाणी त्यातून मागे येई आणि उपसता येई. दोर सोडण्याआधी त्या भोकांत लाकडी बुचं ठोकायची, हा नियम. आज दोर सोडून नाव फिरून आली होती, अजून कोणी एकही बूच काढलं नव्हतं, आणि तरी जेली सगळ्या भिंती ओलांडून आली होती.

"म्हणजे बुचं बसवलीच नाहीत," मेलाती हळूच म्हणाली. "उद्या एक फळी जरी फुटली, तर..."

"सगळी नाव भरेल," वानछिंग म्हणाली. स्वतःचा आवाज तिला परक्यासारखा ऐकू आला.

तिने आईची कालवं उघडायची सुरी आणली आणि मेळ्यासाठी अंथरलेल्या गालिच्याखालची नवी फळी उचकटली. भोकात रंगीत दिव्यांच्या वायरींची जुडी ओवली होती, भोवती बोटभर फट. मग बुचं गेली कुठे? ती सापडली मेळ्यातल्या प्रदर्शनाच्या दालनात, काचेच्या कपाटात. खाली पाटी होती: 'जुन्या खलाशांच्या मुलांचे भोवरे'.

शाओबोला हसता हसता उचकी लागली. वानछिंग कपाटाकडे बघत राहिली. आजोबांनी हाताने तासलेली बुचं होती ती. आपल्याला राग यायला हवा, एवढं तिला कळत होतं. राग येत नव्हता.

मेळ्याची सजावट च्वांग काकांकडे होती. मुलांनी त्यांना सांगितलं, तर त्यांनी हात झटकले. "दिव्यांशिवाय फोटो कसे येतील? आणि नावेला इंजिन आहे, कळलं?"

"इंजिनाला पोहता येतं का, काका?" शाओबोने विचारलं.

"तू आधी नाक पूस."

दुसऱ्या दिवशी सकाळी बंदराच्या कप्तान येबाई पाहुण्यांना घेऊन दालनात आल्या. मेलाती पुढे झाली आणि साखर घोळलेल्या आवाजात म्हणाली, "च्वांग काका, एक भोवरा फिरवून दाखवता? आमच्याकडे असले नसतात."

इतक्या लोकांसमोर नाही कसं म्हणणार? काकांनी बूच काढलं, ऐटीत फिरवलं. ते धप्पकन आडवं झालं आणि गडगडत येबाईंच्या बुटाला जाऊन लागलं.

"याला आर कुठाय?" शाओबो म्हणाला.

"आर नाही, कारण हा भोवराच नाही," वानछिंग म्हणाली. "कप्तानबाई, नावेवर चला. दाखवते."

तिने पहिल्या कप्प्यात जेलीचा वाडगा आणि त्यावर बादल्या भरभरून पाणी ओतलं. पाहुणे शेवटच्या कप्प्याशी वाकून उभे राहिले. थोड्याच वेळात तिथे लाल तुकडे तरंगत आले. येबाईंचा चेहरा उतरला.

"वायरी काढा, बुचं बसवा. त्याशिवाय दोर सुटणार नाही."

च्वांग काका नवा कोट घालून ओणवे झाले आणि स्वतःच वायरी ओढू लागले.

"छाय मिस्त्रींची नात शोभतेस," येबाई म्हणाल्या. मेलातीची आई मकासरला नावा बांधायची. ती म्हणाली, "या भिंती कशा घालतात ते आम्हाला शिकवा, आमच्या नावांच्या फळ्या कशा वाकवतात ते आम्ही शिकवू." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. वानछिंगने मान डोलावली. कौतुक कानापर्यंत आलं, आत काही पोचलं नाही.

मग मोगरी घेऊन ती खाली उतरली. बुचांना ताग गुंडाळून एकेक ठोकत गेली. हे काम तिने आजोबांबरोबर कितीदा केलं होतं. ती खाली ठोकायची, आजोबा वर बसून आवाज ऐकायचे आणि म्हणायचे, "बसलं."

शेवटचं बूच ठोकून ती थांबली आणि सवयीने वर पाहिलं. वर नुसते लोकांचे बूट दिसत होते.

"बसलं का गं?" येबाईंनी विचारलं.

आता हे आपल्यालाच सांगायचं आहे. आजोबा सांगणार नाहीत, आज नाही आणि कधीच नाही. वानछिंगचे डोळे भरले, आणि वसंतापासून अडलेलं सगळं एकदम बाहेर आलं. रडता रडताच तिने आणखी एक ठोका घातला आणि कान देऊन ऐकलं.

"बसलं," ती म्हणाली. "दोर सोडा."