मानेजवळची गाठ

कुत्र्यांच्या केसांतला गुंता सोडवण्यात तिचा हात कुणी धरू शकत नव्हतं. म्हणूनच तो माणूस भर दुपारी आपला काळा, झिपरा कुत्रा फरपटत तिच्या दुकानात घेऊन आला.

"संध्याकाळपर्यंत गाठी सुटल्या तर ठीक. नाहीतर डॉक्टरकडे नेऊन कायमचा झोपवतो याला." त्याच्या मनगटाला पट्टी होती. "बायको गेल्यापासून अंगाला हात लावू देत नाही."

"गाठी ओढतात, म्हणून चावतो. तुमच्या झिंज्या कुणी उपटल्या तर तुम्ही काय मुका घ्याल?"

तो दार आपटून बाहेर बाकावर जाऊन बसला.

तिने कुत्र्याला टेबलावर घेतलं. एका हाताने केस मुळाशी घट्ट धरायचे, म्हणजे कातडीला ओढ बसत नाही. दुसऱ्या हाताने टोकाकडून फणी. कुत्रा दात विचकून गुरगुरत होता, पण तिच्यावर नाही. तो तिच्या खांद्यामागे बघत होता. मागे नुसती भिंत होती.

हा गुंता नव्हताच. कुणीतरी बोटांनी आवळून मारलेल्या गाठी होत्या, आणि प्रत्येकीत एक लांब पांढरा केस. औषधाचा कडवट वास येत होता. गळ्याजवळची शेवटची गाठ तर ती सैल करी आणि पुन्हा आवळली जाई. कुत्र्याला धाप लागली.

"सोड गं बाई... जीव जाईल त्याचा..." कुणाला म्हणाली, तिलाच कळलं नाही.

गाठ आपसूक सुटली.

तिने मालकाला आत बोलावलं. तो खुर्चीत बसताच कुत्र्याने त्याच्या मांडीवर डोकं ठेवलं, तेव्हा त्या उर्मट माणसाला रडू फुटलं.

"तुमच्या बायकोचे केस निघाले याच्यातून," ती म्हणाली. "फार जीव असेल तिचा."

"जीव? दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायची नाही ती याला..." तो थांबला. "पण केस कुठले हो? आजारपणात सगळे गळले. शेवटी डोक्यावर एक नव्हता."

निघताना दारातून कुत्र्याने वळून पाहिलं, तिच्या खांद्यामागे, आणि शेपूट घालून तो मालकाला बिलगला.

टेबलावर आता एकही पांढरा केस नव्हता. तिने घाम पुसायला मानेवर हात नेला. अंबाड्याखाली गाठ लागली, आवळून मारलेली. तिने फणी घेतली, टोकाकडून लावली आणि जोरात ओढली.

जराही दुखलं नाही. मुळाशी कुणीतरी घट्ट धरून ठेवलं होतं.