सुटलेली साखर

झाडांमधले फिके रंग वेगळे करणं हे माझं काम. फ्लेव्होनॉइड म्हणतात त्यांना. झाड हे रंग सहसा मोकळे सोडत नाही, साखरेला बांधून ठेवतं. आम्ही पानांचा अर्क आम्लात उकळतो, की साखर सुटते. उरलेला, साखर नसलेला भाग काचेच्या पट्टीवर चढवायचा आणि निळ्या दिव्याखाली धरायचा. साखर बांधलेला ठिपका खाली रेंगाळतो, साखर सुटलेला वर पळतो. न उकळलेला आणि उकळलेला असे दोन्ही अर्क शेजारीशेजारी चढवले की फरक शेंबड्या पोरालाही कळावा.

आमच्या विभागप्रमुखांना आम्ही पाठीमागे शंकासुर म्हणतो. स्वतःच्या चष्म्याच्या नंबरावरही त्यांचा विश्वास नाही.

भाऊजी गेले त्यानंतरच्या उन्हाळ्यात ताईने मला एका पिशवीत पानं आणून दिली. लिंबाची, गुलाबाची, जाईची. भाऊजींना कित्येक वर्षं मधुमेह होता. बाहेर फिरणं बंद झालं तेव्हा त्यांनी काचबंद गच्चीत ही झाडं लावली आणि त्यांच्यावरच जीव लावला.

"पाणी घालते, खत घालते, तरी कशी मलूल दिसतात बघ," ताई म्हणाली. "कीड नाही, काही नाही. तुझ्या त्या दिव्याखाली धर ना जरा."

धरली. दोन्ही अर्कांचे ठिपके एकाच उंचीवर होते. लिंबाचे लिंबासारखे, गुलाबाचे गुलाबासारखे, पण सगळे वर. उकळायच्या आधीच साखर सुटलेली.

"बाटल्यांची अदलाबदल," शंकासुर म्हणाले. मी पुन्हा केलं, तेच आलं. "पानं पिशवीत कोमेजली असतील. पान मरताना त्यातली विकरंच साखर तोडतात. तोडल्या तोडल्या उकळत्या अल्कोहोलमध्ये टाक, मग बोल."

म्हणून चंबू आणि विजेची शेगडी घेऊन मी ताईकडे गेले. गच्चीत शेगडी मांडून एकेक पान तोडलं आणि तसंच आत सोडलं.

"काढा करतेस होय गं?" ताई हसली. हसताना तिच्या गळ्याची हाडं वर आली. ती इतकी वाळलीय हे तेव्हा माझ्या नीट लक्षात आलं.

शेजारच्या बाईंच्या कुंडीतल्या जाईची पानंही मी मागून घेतली. मध्ये फक्त एक भिंत. त्यांच्या जाईचे ठिपके जिथे असायला हवे तिथेच होते. ताईच्या जाईचे पुन्हा वर. मग मी नुसती साखर तपासली, बांधलेली नव्हे, पान जिच्यावर जगतं ती. ताईच्या एकाही पानात ती नव्हती.

शंकासुरांनी ती पट्टी स्वतः दिव्याखाली धरून पाहिली.

"साखरेशिवाय पान जगत नाही," ते म्हणाले.

"पण हिरवं आहे, सर."

"मी तेच म्हणतोय." त्यांनी पट्टी उलटी करून टेबलावर ठेवली. "तू बहिणीला तुझ्याकडे का नाही आणत?"

शंकासुराने शंका काढली नाही, याचीच मला जास्त भीती वाटली.

रविवारी ताईकडे गेले. तिने चहा केला. माझ्यादेखत तिने डब्यातून साखर घातली, ढवळली. मी घोट घेतला आणि कप खाली ठेवला. चहा कडू होता. नुसता पाला उकळल्यासारखा.

"गोड होतच नाही," ताई शांतपणे म्हणाली. "कितीही घाल."

डब्यातली साखर मी चिमटीत घेऊन जिभेवर ठेवली. बारीक वाळूसारखी ती दातांखाली करकरली. चव कसलीच नाही.

"ताई, हे कधीपासून चाललंय?"

तिने पदराने टेबल पुसलं. पुसलेलंच पुन्हा पुसलं.

"शेवटी शेवटी एकच मागत होते गं. चहात एक चमचा घाल म्हणायचे. डॉक्टर नको म्हणाले होते ना? मी डबा कपाटात कुलूप लावून ठेवायचे." ती खिडकीबाहेर बघत होती. "आता मागत नाहीत."

"आता?"

तिने तो कडू चहा एका दमात पिऊन टाकला.

"चल माझ्याकडे. आत्ता. चार कपडे घे फक्त."

"आणि इथे कोण बघणार?" ती म्हणाली. झाडांना की आणखी कशाला, ते मी विचारलं नाही. विचारायला हवं होतं.

दोन दिवसांनी शेजारच्या बाईंचा फोन आला. ताई गच्चीत कुंड्यांमध्ये पडलेली सापडली होती. मी दवाखान्यात पोचले तेव्हा तिच्या हाताला ग्लुकोजची बाटली लावलेली होती.

"रक्तात साखर जवळजवळ नाहीच," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. त्यांनी मला बाजूला घेतलं. "घरात इन्सुलिन आहे का? यजमानांचं उरलेलं? एकट्या राहतात त्या. राग मानू नका, पण विचारावं लागतं."

खरं सांगते, ते ऐकून मला थोडं बरंही वाटलं. कारण तसं असेल तर निदान ते समजण्यासारखं होतं.

ताई वाचली, हे आधीच सांगून टाकते. ती आता माझ्याकडे असते, दोन वेळा जेवते, चहा गोड पिते. त्या घराला कुलूप आहे. पण त्या दुपारी मी इन्सुलिन शोधायला तिथे गेले होते.

बाहेर टळटळीत ऊन होतं. गच्चीतल्या काचांमधून ते सगळ्या घरात पसरलं होतं. फ्रिजच्या दारात इन्सुलिनचा खोका होता. सगळ्या कुप्या भरलेल्या. एकीचंही सील तुटलेलं नव्हतं.

फ्रिज बंद केला तेव्हा पायावरून काहीतरी सरसरलं.

मुंग्या होत्या. काळ्या, बारीक. सैपाकघराच्या उंबऱ्यावरून रांगेने चालल्या होत्या. साखरेच्या डब्याकडे नव्हे. डब्याला वळसा घालून, उलट दिशेने.

मी रांगेच्या कडेकडेने गेले.

रांग भाऊजींच्या खोलीत शिरत होती. ते गेल्यापासून ताईने तिथे काही हलवलेलं नव्हतं. स्वच्छ चादर, उशी. रांग पलंगाच्या पायावरून वर चढत होती.

चादरीवर मुंग्यांचा जाड थर होता. उशीवर गोल. खाली रुंद. मग निमुळता.

मी दारातच उभी राहिले. घरात कसलाच आवाज नव्हता.

मग तो सगळा थर सावकाश हलला. भिंतीकडे तोंड करून निजलेला माणूस कूस बदलून दाराकडे वळतो, तसा.