कोपऱ्यातला वॉर्मर

परळच्या त्या हॉस्पिटलातून फोन आला आणि डॉ. सुमेधा दातार दुधाखालचा गॅस बंद करून तशीच निघाली. नवजात अतिदक्षता विभागात आणखी एका बाळाच्या फुप्फुसात बुरशी सापडली होती. याआधीची दोन दगावली होती. बुरशीचा माग काढणं हेच सुमेधाचं काम, पण या खेपेला हयगय परवडणारी नव्हती. हे तिसरं बाळ, अक्षदा मालुसरेची मुलगी, अजून श्वास घेत होतं.

"नायगावच्या चाळी पाडतायत ना, त्याचीच धूळ," विभागाचा तरुण डॉक्टर यशोधन म्हणाला.

"मग सगळ्याच बाळांना झालं असतं. ही तिघं कुठे होती?"

"कोपऱ्यातल्या वॉर्मरवर."

"तिघंही? आणि त्यांच्याआधी तिथे कोण होतं?"

"सातव्या महिन्यात जन्मलेलं एक बाळ. तेही गेलं, पण त्याला बुरशी नव्हती. फारच नाजूक होतं."

"अक्षदाच्या बाळाला आधी तिथून हलवा."

वॉर्मर म्हणजे उघडा, उबदार पाळणाच. त्याच्या बरोबर वर एसीचं हवा सोडणारं तोंड होतं. खोलीतला फिल्टर वेळच्या वेळी बदलला जाई. बाहेरची हवा ओढणारं तोंड मात्र मागच्या गॅलरीत होतं, आणि तिथे म्हणे कुणी फिरकत नसे. गॅलरीचं दार गंजून लाल झालं होतं. कडी तेवढी हाताळून गुळगुळीत झालेली होती.

किल्ली सिस्टर इनचार्ज अनुजा परबकडे होती. लालबागची ही बाई म्हणजे विभागाचा कणा. तिने सुमेधासाठी चहा मागवला, स्वतःसाठी कोरा.

"दूध सोसत नाही मला," ती म्हणाली.

"गॅलरीत जाता कधी?"

"कशाला जाऊ, मॅडम? नुसती कबुतरांची घाण तिथे."

तिच्या टेबलावर स्टीलचा छोटा डबा होता. काठाला दूधभाताची शितं वाळली होती. सुमेधाने चहा संपवला आणि किल्ली मागितली.

हवेच्या तोंडावरचा पत्रा कबुतरांच्या विष्ठेने पांढरा झाला होता. तोंडाला जाळी नव्हती. यशोधनने स्क्रू काढून पत्रा उचलला आणि तो मागे सरकला. आत भाताचा लगदा साचला होता, त्यावर हिरवट लव आली होती. अनुजा दारातच थांबली.

"ही बुरशी हातांनी पसरत नाही, हवेतून येते," सुमेधा म्हणाली. "भात फटीतून आत पडला, दमटपणात कुजला. पंखा ती हवा थेट कोपऱ्यातल्या बाळावर सोडत होता. किल्ली फक्त तुमच्याकडे. आणि दूध न सोसणारं माणूस दूधभात कुणासाठी आणतं, सिस्टर?"

अनुजाने पदर तोंडाला लावला नाही की आवाज चढवला नाही.

"एवढ्याशा जिवांना अग्नी नाही, दहावा नाही, कावळ्याला घास नाही. पुरलं की संपलं. एखादं गेलं की मला अन्न जायचं नाही. मग मी घास ठेवायची या पत्र्यावर. मी म्हटलं, कुणीतरी करायला नको? कावळा कधी आलाच नाही. कबुतरंच यायची."

सुमेधाला तिचा राग यायला हवा होता. तो आला नाही. प्रत्येक मेलेल्या बाळाचा घास पुढच्या बाळाच्या मुळावर आला होता.

"पहिला घास त्या सातव्या महिन्याच्या बाळाचा," अनुजाने विचारलं. "ते तरी माझ्यामुळे नाही ना गेलं?"

"ते नाही."

पुढच्या दोघांचं तिने विचारलं नाही. तिने किल्ल्यांचा जुडगा कमरेचा सोडून यशोधनच्या हातात दिला.

"पोलीस येतील ते येऊ देत. अक्षदा बाहेर बाकावर बसलीय, मला मावशी म्हणते. तिला मीच सांगते. मॅडम, तुम्ही फक्त बाजूला उभ्या राहा."